गळणं आणि पाझरणं

जुनी गाडी बाळगणारा माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. नव्या गाडीचा मालक गाडी लावतो, चालता चालता किल्लीचं बटण दाबतो आणि मागे वळूनही बघत नाही. जुन्या गाडीचा मालक मात्र गाडी बाहेर काढली की चार पावलं मागे जातो आणि ती जिथे उभी होती ती जमीन बघतो. कालचाच डाग आहे की वाढलाय? एवढी खात्री झाली की मगच पुढच्या कामाला लागतो. आमचे बाबा या दुसऱ्या जातीतले.

आमची गाडी म्हणजे १९९८ ची पांढरी मारुती ८००. बाबांनी पीएफमधून पैसे काढून घेतलेली. या गाडीचं कौतुक मी नव्याने काय करणार! १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ८०० ची किल्ली दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये शेवटची ८०० कारखान्याबाहेर पडली. मधल्या तीस वर्षांत आपल्यापैकी निम्म्या लोकांनी गाडी चालवायला शिकताना हिचेच गिअर खरवडलेत. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पोटात जेमतेम तीन लिटर ऑइल. आत्या आणि काकांना आठवत असेल, याच गाडीतून आपण सातजण गणपतीपुळ्याला गेलो होतो आणि आंबा घाटात बाबांनी एसी बंद करून सगळ्यांना घाम फोडला होता. :)

तर या गाडीतून ऑइल गळायला लागलं, त्याची ही गोष्ट. गोष्ट म्हटलं तर ऑइलची आहे, म्हटलं तर आमच्या घरातली आहे.

तसं थोडंफार ऑइल ती बरीच वर्षं सांडत होती. पण २०२५ च्या उन्हाळ्यात डाग बशीएवढा होता तो ताटाएवढा झाला. त्या वर्षी पाऊसही मे महिन्यातच येऊन थडकला. पार्किंगमध्ये पाणी आलं, ऑइल त्यावर पसरलं, इंद्रधनुष्यासारखे रंग चमकायला लागले आणि एका सकाळी दूधवाल्या मुलाची सायकल त्यावरून घसरली. पोराला नशिबाने काही लागलं नाही, पिशव्या मात्र फुटल्या. संध्याकाळी सोसायटीच्या बोर्डावर सूचना लागली. नाव नव्हतं, पण 'जुनी वाहने बाळगणाऱ्या सभासदांनी' असं लिहिलं होतं. आमच्या सोसायटीत असा सभासद एकच आहे.

मग बंगळुरूहून दादाचा फोन. "बाबा, आता पुरे. गाडी स्क्रॅपला द्या. तुम्हाला रिक्षा, कॅब, सगळं बुक करून देतो मी." बाबा म्हणाले, "पासिंग २०२८ पर्यंत आहे." दादा म्हणाला, "पासिंगचा काय संबंध?" बाबांनी फोन आईकडे दिला. आमच्या घरात फोन आईकडे गेला की समजायचं, विषय संपलेला नाही, फक्त बोलणं संपलंय.

एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथल्या मुलाने खाली वाकून टॉर्च मारला, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर बोट फिरवलं, काळं बोट आम्हाला दाखवलं आणि निदान केलं. मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवतोच आहोत तर क्लचप्लेटही बदलून घ्या. सगळं मिळून चौदा हजार. वर एक आपुलकीचा सल्ला, "काका, एवढे पैसे घालण्याइतकी गाडीची किंमत तरी येईल का?"

बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र म्हणाले, "त्याने धुतलं नाही. न धुता त्याला कसं कळलं?"

इथे बाबांविषयी थोडं सांगायला हवं. पिंपरीतल्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये होते. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. आई भाजीत मीठ कमी झालं का विचारते तेव्हाही ते दुसरा घास घेऊन मगच उत्तर देतात. गाडीची बारीकसारीक कामं ते स्वतःच करायचे. पण गेल्या दोनेक वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. पाना नटावर बसवताना तीनदा हुकतो. ते हे बोलून दाखवत नाहीत. रविवारी सकाळी मला फोन आला, "जरा येतेस का? हात हवे होते." मी म्हटलं, येते. मला आधी वाटलं, 'मदतीचा हात' या अर्थाने म्हणतायत. मग कळलं, शब्दशः हात हवे होते!

पुढचे चार रविवार माझे हात आणि बाबांचं डोकं असं आम्ही काम केलं. त्यातून जे शिकले ते सविस्तर लिहितेय, कारण तुमच्यापैकी तीन-चारजणांकडे तरी जुन्या गाड्या आहेत हे मला माहीत आहे.

पहिला रविवार : पुठ्ठा

पहिल्या रविवारी आम्ही पाना हातातही घेतला नाही. फ्रीजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा गाडीखाली सरकवला, चाकं कुठे येतात ते त्यावर खडूने लिहिलं आणि गाडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी पुठ्ठा बाहेर काढून बाल्कनीत आणला आणि बाबांनी एखादी एक्स-रे फिल्म बघावी तसा तो बघितला.

गाडीतून पडणारा प्रत्येक थेंब इंजिन ऑइलचाच असतो असं नाही. इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळं. गिअरबॉक्सचं ऑइल जरा पिवळसर आणि त्याला गंधकासारखा उग्र वास, एकदा नाकात बसला की विसरत नाही. रेडिएटरचं कूलंट बहुधा हिरवं, पाण्यासारखं पातळ आणि गोडसर वासाचं. ब्रेक ऑइल पिवळट, बोटाला गुळगुळीत लागणारं आणि चाकाच्या आसपास पडलेलं. ते दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी गॅरेज गाठायचं, गाडी न चालवता. आणि एसी चालवून आल्यावर पडणारं स्वच्छ पाणी म्हणजे नुसतं पाणी, त्याला घाबरायचं नाही.

आमच्या पुठ्ठ्यावर काळसर तपकिरी डाग होता. वास इंजिन ऑइलचा. म्हणजे गिअरबॉक्स सुटला.

त्याबरोबर डिपस्टिक. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं. पट्टी काढायची, पुसायची, परत घालायची आणि मग वाचायची. पहिल्यांदा काढून वाचलेलं खरं धरायचं नाही. बाबांनी यासाठी एक वही घातली. तारीख, किलोमीटर, ऑइलची खूण. ही वही महत्त्वाची, कारण ऑइल कमी होतंय पण जमिनीवर तेवढं पडत नाही असं असेल तर ते जळत असतं. सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळसर धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्यायचा, जोर दिल्यावर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगांवर. आमच्याकडे धूर नव्हता. जे कमी होत होतं ते सगळं जमिनीवरच येत होतं. बाबांना याचा केवढा आनंद झाला! म्हणाले, "इंजिन ठणठणीत आहे. फक्त लघवीवरचा ताबा गेलाय." आईने आतून "अहो!" म्हटलं.

दुसरा रविवार : आंघोळ

बाबांचं म्हणणं असं की ऑइल जिथे दिसतं तिथून ते आलेलं नसतंच. ऑइल वरून खाली उतरतं. उतरताना पाइपवरून, बोल्टवरून, खाचांमधून वाट काढत जातं आणि गाडी धावत असेल तर वाऱ्याने मागेही उडतं. शेवटी सगळ्यात खालच्या टोकाला लोंबकळतं आणि तिथून टपकतं. त्यात वर्षानुवर्षांची धूळ बसून सगळं इंजिन काळ्या चिखलाने माखलेलं असतं. अशा इंजिनावर बोट फिरवलं तर ते कुठेही काळंच होणार.

म्हणून आधी धुणं. इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची वायर काढलेली. डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि एअर क्लीनरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधलेलं. मग डिझेल आणि जुने ब्रश. (पूर्वी रॉकेल वापरायचे, आता शहरात रॉकेल मिळतंय कुठे!) टायमिंग बेल्टच्या बाजूला डिझेल जाऊ द्यायचं नाही, रबराला ते मानवत नाही. जोराच्या पाण्याचा फवारा तर मुळीच नाही, पाणी नको तिथे शिरतं आणि गाडी चालूच होत नाही. खाली ट्रे ठेवला होता, त्यात पडलेला काळा रस्सा बाटलीत भरून ठेवला. तो गटारात ओतायचा नसतो. आम्ही नंतर तो जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजवाल्याला दिला.

दोन तास घासल्यावर खालून ॲल्युमिनियम दिसायला लागलं. बाबा खुर्ची टाकून बसले होते आणि सूचना देत होते. "त्या कोपऱ्यात. त्याच्याही आत." लहानपणी मला आंघोळ घालताना कानामागे घासा म्हणून आईला सांगायचे, तोच आवाज.

सगळं पुसून, दिवसभर वाळवून झाल्यावर बाबांनी आतून घामोळ्यांची पावडर आणली. मला वाटलं, स्वतःसाठी. तर म्हणाले, "शिंपड." इंजिन थंड असताना संशयाच्या सगळ्या जोडांवर पावडरचा पातळ थर द्यायचा. बेल्टवर आणि हवा आत जाते तिथे नाही. मग गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणायची. ताजं ऑइल पांढऱ्या पावडरवर जिथून फुटतं तिथून काळी रेघ काढत खाली येतं. आजकाल ऑइलमध्ये घालायचा एक रंग मिळतो, निळ्या-जांभळ्या टॉर्चखाली तो चमकतो. चांगल्या गॅरेजमध्ये तेच वापरतात. आमच्याकडे पावडर होती. काम तेच.

कोथरूडहून चांदणी चौकापर्यंत जाऊन परत, असं दोनदा केलं. बॉनेट उघडलं, आईचा हातातला आरसा घेतला ("परत धुऊन दे", इति आई) आणि टॉर्च लावून आत बघितलं.

दोन रेघा होत्या. एक टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, बारीक. ती एक्झॉस्टच्या बाजूला उतरत होती. मधूनमधून गाडीत जळकट वास यायचा तो याचाच. आणि दुसरी, चांगली ठळक, डिस्ट्रिब्युटरच्या बुडापासून निघून सरळ खाली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर.

बाबा मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी.

आता यातली गंमत सांगते. ८०० मध्ये इंजिन आडवं असतं. एका टोकाला पट्टे आणि टायमिंग बेल्ट, दुसऱ्या टोकाला क्लच आणि गिअरबॉक्स. स्पार्क प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर हा हेडच्या या दुसऱ्या टोकाला बसवलेला. त्याला कॅमशाफ्ट फिरवतो, म्हणून त्याच्या बुडाशी आतून ऑइल असतं आणि ते बाहेर येऊ नये म्हणून एक रबरी ओ-रिंग. ती कडक झाली की ऑइल झिरपतं आणि नेमकं गिअरबॉक्सच्या जोडावर उतरतं. खालून बघणाऱ्याला वाटतं, क्रँकचं मागचं सील गेलं. ते सील खरंच गेलं असतं तर ऑइल जोडाच्या आतून, अगदी तळातून आलं असतं, वरचा भाग कोरडा राहिला असता आणि कदाचित क्लचही घसरायला लागला असता. आमचा वरचा भाग ओला होता. पावसाचं पाणी भिंतीवर उतरतं तेव्हा आपण गच्ची बघतो ना? तसंच.

तिसरा रविवार : ओ-रिंग

त्याआधी शनिवारी नाना पेठेत गेले. पुण्यात गाडीचा सुटा भाग हवा तर नाना पेठ, हे बाबांचं ठाम मत. मला धास्ती होती की २०१४ मध्ये बंद झालेल्या गाडीचे भाग कोण ठेवतंय! पण हेच इंजिन ओम्नीतही होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. दुकानदाराने वर न बघता विचारलं, "कार्बोरेटर की एमपीएफआय?" आणि दोन मिनिटांत पुडी समोर ठेवली. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि ओ-रिंग मिळून दोनशेच्या आत. साधं रबर नको, ऑइलला टिकणारं हवं, एवढं मात्र विचारून घ्या. साधं रबर ऑइलमध्ये फुगतं आणि महिन्याभरात परत पहिल्या पायरीवर आणतं.

डिस्ट्रिब्युटर काढताना बाबांनी मला चार वेळा थांबवलं. आधी बॅटरीची वायर काढ. टोपी वायरींसकट बाजूला ठेव, एकही वायर उपटू नकोस. आतला रोटर कुठे बघतोय तिथे मार्करने खूण कर. बूड हेडवर जसं बसलंय तिथे दुसरी खूण. मोबाइलवर फोटो काढ. मग बोल्ट सोड आणि सरळ वर ओढ. ओढताना रोटर थोडा वळतो, कारण आतले दाते तिरपे असतात. तो वळून जिथे थांबला तिथे तिसरी खूण. परत बसवताना या तिसऱ्या खुणेपासून सुरुवात केली की बसता बसता तो आपोआप पहिल्या खुणेवर येतो. आणि डिस्ट्रिब्युटर बाहेर असेपर्यंत कोणीही इंजिन फिरवायचं नाही, नाहीतर खुणांना काही अर्थ उरत नाही.

जुनी ओ-रिंग मी नखाने उचलली तर तिचे दोन तुकडे झाले. रबर कसलं, बांगडी होती ती! एका बाजूने चपटी. बाबांनी तुकडे तळहातावर घेऊन बराच वेळ बघितले. "वय झालं," म्हणाले. "उष्णतेने कडक होतं. कडक झालं की आकार धरून ठेवतं, पण धक्का सोसत नाही." मी वर बघितलं. ते ओ-रिंगबद्दलच बोलत होते, असं मी धरून चालले.

नवीन ओ-रिंगला ऑइल चोळून बसवली. टॅपेट कव्हरचं जुनं पॅकिंग लाकडी पट्टीने खरवडलं, स्क्रू ड्रायव्हरने नाही, कारण ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तीच नवी गळती. बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. 'अजून घट्ट' करण्याचा मोह होतो, पण जास्त आवळलं की पत्रा वाकतो, पॅकिंग चिरडतं किंवा आटे जातात. सिलिकॉनची ट्यूब आमच्याकडे होती, बाबांनी ती लपवून ठेवली. बरेचजण भरपूर थापतात, जास्तीचं आत पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतं. मग इंजिनाला ऑइलच मिळत नाही. गळती परवडली!

गळती थांबवायच्या बाटल्या मिळतात, ऑइलमध्ये ओतायच्या. त्याने रबर थोडं फुगतं, काही दिवस आराम पडतो. जाड ऑइल घाला असंही सांगतात. दोन्ही उपाय म्हणजे ताप उतरवायची गोळी. तुटलेली ओ-रिंग त्याने जोडली जात नाही.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकाकांकडे नेऊन टायमिंग लाइटने टायमिंग तपासून घेतलं. हे मात्र घरी करायचं काम नाही. त्यांनी पन्नास रुपये घेतले आणि एक गोष्ट फुकट सांगितली. "ब्रीदरचा पाइप बघितला का?"

चौथा रविवार : श्वास

इंजिनाच्या पोटात पिस्टनच्या बाजूने थोडा वायू सतत झिरपत असतो. तो टॅपेट कव्हरवरच्या पाइपातून एअर क्लीनरकडे जातो. हा पाइप तुंबला की आतला दाब वाढतो आणि वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. पॅकिंग कितीही नवं घाला, ते परत गळणार. आमचा पाइप काढला तर आत काळी साय साचलेली, पेन्सिलही जाईना. तो साफ केला. ऑइल भरायचं झाकण इंजिन चालू असताना हळूच उघडून बघितलं. हलकी फुंकर येत होती, ती चालते. भकाभक धूर आला असता तर रिंगांचं काम निघालं असतं.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा धडा हा शेवटचा. गळतं तिथे बूच मारायची आपल्याला घाई असते. आत दाब का साठला, हे कोणी विचारत नाही.

कारण त्याच आठवड्यात दादाचा परत फोन आला. मी त्याला मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं, चौदा हजारांचं काम अडीचशेत, वगैरे. तो गप्प. मग म्हणाला, "म्हणजे आता ते चालवत राहणार." तेव्हा माझी ट्यूब पेटली. दादाला ऑइलशी काही देणंघेणं नव्हतं. मार्चमध्ये तो आला होता तेव्हा रात्री पौड रोडवर बाबांना समोरून येणारा पायी माणूस उशिरा दिसला होता. काही झालं नाही, ब्रेक वेळेवर लागला. पण दादा शेजारी बसला होता. त्याने तेव्हापासून हे कोणालाच सांगितलं नव्हतं. वडिलांना 'तुम्हाला दिसत नाही' असं कसं सांगायचं? त्यापेक्षा 'गाडी गळते' हे सोपं.

आणि बाबांना ते कळत नव्हतं असं थोडंच आहे! गाडी जाते म्हणजे काय जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मंगळवारी आईला मंडईत नेणं, मित्राला दवाखान्यात सोडणं, "मी सोडतो ना" हे वाक्य म्हणण्याचा हक्क. म्हणून तेही पासिंगबद्दल बोलत होते.

मी दादाला म्हटलं, हे तू त्यांना सांग. मला नको. त्याने सांगितलं. मी तिथे नव्हते, काय बोलणं झालं मला माहीत नाही. आई म्हणाली, बराच वेळ फोन चालला होता आणि या वेळी तो तिच्याकडे आला नाही.

पुढच्या सोमवारी बाबा स्वतःहून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑगस्टमध्ये उजवा झाला, दिवाळीआधी डावा. हाताच्या थरथरीसाठीही दाखवलं, गोळी चालू आहे, थोडा फरक आहे. लायसन्सचंही नूतनीकरण होतं, त्यासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. पंचावन्न उलटले की लायसन्स पाच-पाच वर्षांचंच मिळतं आणि पंधरा वर्षं उलटली की गाडीची नोंदणीही पाच-पाच वर्षांचीच. बाबा म्हणतात, "आता आम्हा दोघांचंही पासिंग पाच वर्षांनी."

रात्री चालवायचं नाही, हायवेला जायचं नाही आणि पाऊस असेल तर रिक्षा, हे नियम त्यांनी स्वतः वहीत लिहिलेत. ऑइलच्या खुणांच्याच वहीत, मागच्या पानावर. मी किंवा दादाने सुचवलेला एकही नियम त्यात नाही, आमचे याहून सौम्य होते. हे नियम किती दिवस पुरतील, मला माहीत नाही. पुढचं पान कधीतरी उलटावं लागणारच. पण ते ऑइलच्या डागाचं निमित्त करून उलटायचं नाही, एवढं आमचं तिघांचं ठरलंय.

राहता राहिली गाडी. ती आता गळत नाही. अगदी कोरडी आहे म्हणाल तर तसंही नाही. खालच्या चेंबरच्या पॅकिंगला थोडा ओलावा आहे, महिन्याला पुठ्ठ्यावर दोन-तीन थेंब पडतात. मी म्हटलं, तेही बदलून टाकू या का? बाबांनी डिपस्टिक पुसली, परत घातली, परत काढली, वाचली आणि वहीत लिहिलं. मग म्हणाले, "गळणं वेगळं आणि पाझरणं वेगळं. या वयात थोडं पाझरायचंच. लक्ष ठेवायचं."

ता. क. : दूधवाल्या पोराला बाबांनी फुटलेल्या पिशव्यांचे पैसे त्याच दिवशी दिले होते, हे मला त्याच्याकडूनच कळलं. आणि पार्किंगमधला ताटाएवढा डाग काढायचा असेल तर लाकडाचा भुसा पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडा आणि मग धुण्याची पावडर टाकून घासा. पूर्ण जात नाही. पण बोर्डावरची सूचना निघते.